गंगाखेडला निघालेली गाडी

अण्णा, म्हणजे माझे वडील, परभणीच्या हायस्कुलात गणित शिकवत. येलदरीच्या धरणावरून बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती छोटी गाडी घेतली, तेव्हा तिचं वय माझ्याएवढं होतं आणि तब्येत आजोबांसारखी.

दोन दारं, गोल दिवे, आणि वळायची दिशा दाखवायला दोन्ही दारांशेजारच्या खांबांतून बाहेर येणारे पिवळे हात. त्यातला डावा हात एकदा बाहेर आला की आत जायचा नाही. आतून खांबाला बुक्की मारावी लागे. त्यामुळे अण्णा सरळ चालले असले तरी गाडी कायम डावीकडे वळण्याच्या बेतात दिसे. परभणीचं त्यानं काही अडलं नाही. तो हात कशासाठी आहे हे माहीत असलेले गावात अण्णा एकटेच होते.

सेल्फ आमच्याकडे येण्याआधीच निकामी झाला होता, म्हणून हँडल मारावं लागे. चोक थोडा जास्त ओढला की गाडीभर पेट्रोलचा वास, कमी ओढला की इंजिन दोनदा खोकून गप्प. अण्णा चिडत नसत. वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावं तसे ते बॉनेटकडे पाहत आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करत.

खरा आजार उन्हाळ्याचा होता. इंजिनाला पेट्रोल पोचवणारा छोटा पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आहे तिथं थांबायची. मिस्त्री म्हणाला, "मास्टरसाब, गाडी एक नंबर है. बस, गर्मी बर्दाश नै होती इसको." परभणीत एवढंच सोडून बाकी काहीही चाललं असतं. उपाय सोपा होता: पंपावर ओलं फडकं. त्यासाठी अण्णांनी जुन्या धोतराचा एक काळपट तुकडा आणि पाण्याचा डबा गाडीत कायमचा ठेवला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या चैत्रात अण्णा गेले. आईला या गाडीतून गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला न्यायचं त्यांनी बरीच वर्षं ठरवलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. म्हणून थोरल्या भावानं आईला शब्द दिला, "अस्थी गाडीतूनच नेतो. यष्टीनं नाही." दहाव्याचे विधी तिथल्या घाटावर होते आणि गुरुजींनी बजावलं होतं की बाराच्या आत पोचा; त्यांना त्या दिवशी आणखी दोन घरचं काम होतं.

आदल्या दिवशी आत्यानं घराबरोबर गाडीही शुद्ध केली. सीटवर गोमूत्र शिंपडलं, काचा पुसल्या आणि आतलं ते कळकट फडकं अण्णांच्या वापरातलं म्हणून त्यांच्या कपड्यांबरोबर देऊन टाकलं. डबा घासून स्वयंपाकघरात गेला. अण्णांच्या हयातीत गाडी इतकी स्वच्छ कधी नव्हती.

सकाळी निघालो. भाऊ चालवत होता, मागे मामा, आणि पुढे मी मांडीवर अस्थींचा कलश घेऊन. कलश वाटेत जमिनीला टेकवायचा नसतो. दैठण्याच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. भावानं सीटखाली हात घातला, मग डिकी उघडली, मग माझ्याकडं पाहिलं.

"फडकं कुठाय?"

"आत्यानं शुद्ध केलंय," मी म्हणालो.

मामांच्या खांद्यावर नवं उपरणं होतं. भावानं त्याच्याकडं पाहिलं तसं मामांनी ते दोन्ही हातांनी धरलं. "घाटावर काय उघडा बसू? त्यापरीस ढकलू."

शेतातून दोन माणसं आली. त्यांनी आणि मामांनी मागून जोर लावला, भावानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. मी कलश घेऊन आत. अण्णा जन्मभर असेच आत बसून राहिले आणि लोकांनी ढकललं; त्या दिवशीही त्यांची जागा बदलली नाही. लिंबाच्या सावलीपर्यंत गाडी गेली आणि तिथं थांबली ती थांबलीच. साडेदहा वाजून गेले होते.

"काय करायलाव इथं?" मागून आलेल्या यष्टीच्या कंडक्टरनं दारातूनच विचारलं.

"गार व्हायची वाट बघायलोय," मामा म्हणाले.

"गाडी का तुमी?"

भाऊ म्हणाला, "तुम्ही जा. आमची चालू होईल." त्याचा चेहरा शब्द दिल्या दिवशी होता तसाच होता. घरात तो बोलायचा आणि मी ऐकायचो, हे लहानपणापासूनचं. मी उतरलो आणि कलश घेऊन यष्टीत चढलो. मोडायचा असेल तर शब्द मोडावा. बारा वाजायचे थांबणार नव्हते. भाऊ क्षणभर रस्त्यातच उभा राहिला. मग मागून चढला. मामा गाडीपाशी थांबले.

यष्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. कलश पाहून एक म्हातारा उठला आणि खिडकीजवळची सीट रिकामी झाली. आम्ही कलश तिथं ठेवला. भाऊ शेजारी उभा राहून गंगाखेडपर्यंत एक हात त्यावर धरून होता. बाराच्या आत घाटावर पोचलो. सगळं नीट पार पडलं.

परतताना त्या लिंबापाशी उतरलो तर मामा ड्रायव्हरच्या सीटवर घोरत होते. उपरणं पंपावर ओलं पसरलेलं होतं. "तुमची यष्टी हलली आन् मी शेतातल्या पाण्यात भिजवून टाकलं," ते म्हणाले. पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली. भाऊ वाटेत एकच वाक्य बोलला, "आईला सांगू नको."

आई दारातच बसली होती, शेजारी गाडीतला तो घासलेला पाण्याचा डबा. तिनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. भावाच्या मुंडण केलेल्या डोक्याकडं बघत तिनं विचारलं, "यष्टीत जागा मिळाली का बसायला?"

भाऊ बराच वेळ चप्पल काढत राहिला.

"अण्णांना मिळाली," तो म्हणाला.