पाईपाच्या टोकाची न्हाणी

मी डूख धरणारी बाई आहे. विसरावं, सोडून द्यावं, असं लोक सांगतात; ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सोडावं. थोरल्या जावेनं माझ्या बाळंतपणात गरम पाण्यावरून माझ्या आईचा जो अपमान केला, तो मी मनात जपून ठेवला आणि वेळ आल्यावर त्याचं उट्टं काढलं.

कसबा बावड्यात आमचं घर एक, पण चुली दोन आणि न्हाण्याही दोन. थोरले दीर आणि जाऊ पुढच्या अंगाला, आम्ही मागच्या. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन आले तेव्हा परसात एकच तांब्याचा बंब होता. त्यात चिपाडं घालायची, डोळ्यांत धूर घ्यायचा आणि आपापली बादली भरून न्यायची. बंबाला थोरली-धाकटी कळत नव्हती, त्यामुळं पाण्यावरून कधी भांडण झालं नाही.

मग गच्चीवर सोलर आला. पाईप टाकायचं काम जावेच्या भावानं केलं. टाकीखालीच त्यानं गरम पाण्याला दोन फाटे काढले. जाड पाईप सरळ खाली जावेच्या न्हाणीत उतरवला. आम्हाला अर्ध्या इंचाचा दिला, तोही उघडाच, उत्तरेच्या भिंतीवरून घराला वळसा घालून. जावेचा नळ सुरू असला की आमच्याकडं करंगळीएवढी धार यायची. तिचं उरकल्यावर धार मोठी व्हायची, पण लांबलचक पाईपात रात्रभर पडून राहिलेलं गार पाणी आधी बाहेर यायचं. ते सोडून दिलं असतं तर मागून गरम आलं असतं. पण चांगलं पाणी मोरीत सोडलं की जाऊ खिडकीतून ओरडायची, म्हणून आम्ही ते गारच पाणी बादलीत धरायचो आणि सोलरच्या नावानं बोटं मोडत आंघोळ करायचो. बंब तर सोलर आल्या आल्याच मोडीत गेला होता.

आणि सोलरची काच पुसायची कुणी? मी. थंडीत गुऱ्हाळं पेटली की काजळी उडून गच्चीवर बसते. ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं काढायची, म्हणजे जावेला कढत पाणी मिळणार.

धाकट्याच्या वेळी मी सासरीच बाळंत झाले. ऐन थंडी होती. मला न्हायला घालायला अव्वा आली. अव्वा म्हणजे माझी आई, आमच्या जयसिंगपूरकडच्या घरात आईला अव्वाच म्हणायचे. तिनं तेल लावून मला चोळलं, रगडलं आणि पहिला तांब्या अंगावर ओतला. पाणी कोमटसुद्धा नव्हतं. माझे दात वाजायला लागले. अव्वानं मला लुगड्यात गुंडाळलं आणि बादली घेऊन ती जावेच्या न्हाणीकडं गेली. जाऊ दारातच आडवी उभी राहिली.

"मावशी, पाणी सगळ्यास्नी सारखंच येतंय की. ही न्हाणी आमची हाय. लेकीला न्हाऊ घालायची एवढी हौस असंल तर घिऊन जावा जयसिंगपूरला."

अव्वा रिकामी बादली घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं स्टोव्हवर पातेली चढवली, तर रॉकेलचा वास घरभर होतो म्हणून जावेनं दिरांकडं तक्रार केली. पुढं दोन-चार दिवसांत अव्वानं पिशवी भरली. वडिलांना बरं नाही, असं सांगितलं. वडील ठणठणीत होते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. लेकीचं बाळंतपण अर्ध्यात टाकून आई निघून जाते, तेव्हा तिला किती लागलं असेल हे बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. त्यानंतर ती माझ्या घरी मुक्कामाला कधी आली नाही. न येताच वारली. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही.

धाकटा शाळेत जायला लागल्यावर आम्ही आमची न्हाणी नवी करून घेतली. त्याच कामात मी प्लंबरकडून गच्चीवर दोन्ही फाट्यांना धार कमी-जास्त करायचा एकेक कॉक बसवून घेतला आणि वरून पाईपांना काळा फोम गुंडाळायला लावला. फोममुळं पाणी गरम राहतं म्हणून जावेनं माझं कौतुक केलं. फोमखाली काय आहे हे बघायला ती वर येणार नव्हती, तिला जिना चढवत नव्हता.

काच पुसायला मी रोज वर जायचेच. फोम सारून जावेकडचा कॉक पाव फेरा बंद करायचा आणि पुढं काही दिवस बघायचं. असं करत करत एका सकाळी दोन्ही नळ एकदम सुरू असताना माझ्या बादलीत चांगली जाड धार पडली, आणि तिच्याकडंही तेवढीच. गरम पाणी आमच्या घरात पहिल्यांदा सारखं वाटलं गेलं. तिथं थांबले असते तर सगळ्यांनी त्याला न्याय म्हटलं असतं. मला न्याय नको होता. मी आणखी पाव फेरा दिला, मग आणखी एक.

पुढच्या न्हाणीतली धार बारीक होत गेली. जावेच्या भावाला बोलावणं गेलं. त्यानं खाली न्हाणीतच पाईप ठोकून बघितला, आत क्षार बसलेत म्हणाला, फरशी फोडावी लागेल म्हणाला. जावेच्या गुलाबी फरशीला हात लावायची कुणाची टाप होती! ती फुटली नाही आणि धारही वाढली नाही. दीर ढगाळ हवेला दोष द्यायचे. मी मान डोलवायचे, आणि मनातून मला इतकं गार वाटायचं की काय सांगू.

अशात जावेची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तीही थंडीतच. जाऊ गॅसवर पातेली तापवायची, उचलून न्हाणीत न्यायची, आणि नेईपर्यंत अर्धं पाणी निवायचं. एका सकाळी पोरगी कुडकुडत रडायला लागली. मी पुढं गेले आणि जावेला सांगितलं की आमच्याकडं कढत पाणी पाहिजे तेवढं आहे. ती लगेच बादली शोधायला लागली.

"बादली न्हाई मिळायची, अक्का," मी म्हटलं. "पोरीला माझ्या न्हाणीत आणा. मी घालते न्हायला."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं आठवलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. पण पोरगी तोवर शाल लपेटून उठलीसुद्धा होती.

मी त्या पोरीला अगदी अव्वासारखं न्हायला घातलं. तेल जिरवलं, पाठ शेकली, सोसेल तेवढं कढत पाणी कंबरेवर धार धरून ओतलं. पोरीशी माझं काही वाकडं नव्हतं. तिला पाटावरच पेंग यायला लागली. जाऊ बाहेर टॉवेल घेऊन उंबऱ्याशी बसली होती.

"काकू, उद्यापास्नं तूच घाल," पोरगी मोठ्यानं म्हणाली. "आईचं पाणी अंगाला लागतच न्हाई."

मग रोज तेच सुरू झालं. जाऊ लेकीला माझ्या दारापर्यंत आणायची आणि बाहेर बसून राहायची. आतलं पाणी, आमचं बोलणं, पोरीचं हसणं तिला ऐकू यायचं. बाळंतपण संपत आलं तेव्हा एके दिवशी तिनं दाराआडून हळूच विचारलं.

"आज मी घालू व्हय?"

इतक्या वर्षांत माझ्याशी बोलताना तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. पोरगी डोळे मिटून पाटावर बसली होती. मी तांब्या भरून घेतला.

"न्हाई," म्हटलं, आणि पायानं दार लोटून दिलं.