काकांच्या नावाचं पान

बाळांनो, तुमच्या तिकडच्या शाळेत घरोघरच्या शिपायांचा मान करायचा आहे, आपल्याकडे कोणी होतं का, असं तुम्ही विचारलंत. होते. माझे धाकटे काका. आम्ही त्यांचा मान कसा केला, ते क्रमाने सांगते.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमचं घर. मी दहा वर्षांची होते आणि मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत होते. काका पलटणीबरोबर काबूलच्या लढाईवर गेले. त्यांच्या तुकडीतला एक शिपाई परत येऊन म्हणाला, "माझ्या डोळ्यांसमोर पडला." प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून वडिलांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. काकूचं कुंकू पुसलं. ती एकोणीस वर्षांची होती. आजीने चांदीच्या टाकावर तलवार घेतलेला घोडेस्वार कोरून घेतला आणि वीर म्हणून देव्हाऱ्यात बसवला. शेजारीपाजारी त्याच्या पाया पडायला येत.

दोन वर्षांनी सर्वपित्रीला आजीने काकांच्या नावाचं पान परसातल्या कट्ट्यावर ठेवलं. खीर, वडे, सगळं. कावळा काही शिवेना. मला राखणीला बसवून ती आत गेली. तेवढ्यात मागच्या दाराने एक दाढीवाला माणूस काठी टेकत आला, पानापुढे बसला आणि बकाबका जेवू लागला.

"आजी, काकांचं पान कोणीतरी खातंय!" मी ओरडले.

आजी पळी घेऊनच धावली. त्याने मान वर केली.

"दोन दिवस पोटात काही नव्हतं गं, आई. वाढलेलं दिसलं, राहवलं नाही. आज अमावास्या का? कोणाच्या नावाचं होतं?"

मागून काकू दारात आली.

"उंबऱ्याच्या आत येऊ नकोस रे," आजी म्हणाली. "तुझं तेरावं झालंय."

काका हसले. मग त्यांना काकूचं कपाळ दिसलं.

त्यांच्या मांडीत गोळी लागली होती, आणि तिकडच्याच एका म्हातारीने त्यांना लपवून जगवलं होतं. आमच्या गुरुजींनी सांगितलं, क्रिया झालेल्या माणसाने पुन्हा जन्म घ्यायला हवा. अंगाला तूप चोळायचं, बारसं करायचं, मग बायकोशी नव्याने लग्न. लग्नाचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर. तोवर ती विधवा आणि तो परका. काकांचं अंथरूण गोठ्यात घातलं.

देव्हाऱ्यातला टाक त्यांना लांबूनच दाखवला. "घोड्यावर बसवलंत मला?" ते म्हणाले. "अरे, मी पायदळातला. सगळी लढाई चालत केली!" टाकावरच्या त्या वीराला मात्र रोज फूल आणि नैवेद्य मिळत होता.

पाचव्या दिवशी भर दुपारी काकू ताट घेऊन सगळ्यांदेखत गोठ्यात गेली, काकांसमोर बसली आणि त्यांच्याच ताटातून जेवू लागली.

"अगं, काय करतेस हे! लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत, सासूबाई. दोन वर्षं कावळ्याला वाढलं."

जेवण होताच दोघं कल्याणला निघून गेली. काकांना तिथे रेल्वेत काम मिळालं. आम्हाला सुधारणेवर व्याख्यानं देणारे माझे वडील दारात उभे होते. थांबा म्हणाले नाहीत.

आणि मी? त्या पाच दिवसांत काकांनी मला तीनदा हाक मारून पाणी मागितलं. मी एकदाही गेले नाही. मला खरंच वाटत होतं की ते मेलेले आहेत.