कूलरपुढच्या खुर्चीचा अहवाल

सही करून दिलेला अहवाल मी स्वतःच परत मागून आणला, असं माझ्या नोकरीत एकदाच झालं. लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही. पण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त हायसं वाटलं. अजूनही ही गोष्ट सांगायला घेतली की आधी हसूच येतं.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी संगणकांचं जाळं सांभाळते. राहायला अकोल्याला. सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो, संध्याकाळी उलट. माझं काम नेमकं काय ते ऑफिसात फारसं कुणाला ठाऊक नाही. नेट बंद पडलं की जिच्या नावानं खडे फोडायचे ती बाई म्हणजे मी. त्यातलंच एक काम डीएनएस सर्व्हरचं. कुठलाही संगणक एखाद्या वेबसाइटकडे जाण्याआधी या सर्व्हरला विचारतो, हे नाव कुठं राहतं? सर्व्हर पत्ता सांगतो आणि आपल्याकडे लिहून ठेवतो: इतक्या वाजता, अमुक मशीननं, अमुक नाव विचारलं. या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. चौकातल्या पानटपरीवाल्याला लोक दिवसभर पत्ते विचारतात, तसलाच हा प्रकार. कुणी कुणाचं घर विचारलं ते त्याला ठाऊक. विचारणारा तिथं गेला की नाही आणि कशाला गेला, ते त्याला कळायचं कारण नाही. नव्या माणसांना मी हे दरवर्षी समजावून सांगते. त्या मे महिन्यात मात्र मीच विसरले.

निकालाचे दिवस होते. परीक्षा विभागातली मशीनं कुठं कुठं जातात, ते तीन महिन्यांचं बघून द्या, असं प्राचार्यांनी सांगितलं. मला असली कामं मनापासून आवडतात. ओळींचा हा ढीग घ्यायचा, वेळेप्रमाणे लावायचा, मशीनप्रमाणे लावायचा, आणि मग त्यातून काहीतरी हळूच डोकं वर काढतं. या वेळी जे वर आलं ते वाईट होतं. क्रिकेटच्या सट्ट्याची तीन नावं, दुपारी तीनच्या सुमारास सुरू होऊन ऑफिस सुटेपर्यंत, जवळजवळ रोज. मशीन, परीक्षा विभाग क्रमांक दोन. माझ्या यादीत त्या क्रमांकापुढे तिथल्या ऑपरेटरचं नाव होतं.

हा ऑपरेटर पन्नाशीचा, टाइपरायटरवर बोटं घडलेला माणूस. अकरा वर्षं कंत्राटावर. दर मेअखेर त्याचा करार नवा व्हायचा. घरचा भाजीचा मळा भातकुलीच्या रस्त्याला. हिवाळ्यात अख्ख्या ऑफिसला वांगी आणायचा आणि कुणी कौतुक केलं की खाली बघायचा. हा सट्टा खेळतो? मनात आलं, नाही असं नाही. पण मला माझ्या कामाची भारी घमेंड. मशीन कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, असं मी स्वतःलाच सुनावलं आणि लिहून टाकलं, की सदर ऑपरेटर कार्यालयीन वेळेत सट्ट्याच्या संकेतस्थळांना नियमित भेट देत असल्याचे दिसून येते. भेट! दिसली होती ती फक्त चौकशी. मी लिहिली भेट.

शुक्रवारी प्राचार्यांनी त्याला माझ्यासमोरच बोलावलं. त्यानं कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी आठवत असल्यासारखं.

"काय म्हणणं आहे तुमचं?" सरांनी विचारलं.

"मॅडमनं लिहिलं हाय तं पाहूनच लिहिलं असन, सर," तो म्हणाला.

मी ही कबुली समजले. सरही तेच समजले. तो गेल्यावर त्यांनी त्याचा नवा करारनामा टेबलाच्या कडेला सरकवला. "सट्टा खेळणारा माणूस गुणांच्या फायलींपाशी नको," ते म्हणाले. "सोमवारी त्याला कळवून टाकतो."

मी नेहमीच्या गाडीनं घरी आले. जेवण गेलं नाही. चूक झाली असं तेव्हा मुळीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की हे काम दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी धाकटा भाऊ शेतावरून आला. त्यानं हंगामापासून तूर घरात ठेवली होती आणि भाव चढायची वाट बघत तो माझं डोकं खात होता. रोज दुपारी फोन: "ताई, तुरीचं काय म्हणते?" शेतात त्याला नेट मिळत नाही, म्हणून भाव बघून सांगायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी तर समोरच येऊन बसला. मी लॅपटॉपवर बाजारभावाचं नेहमीचं पान उघडलं. वर तूर, हरभरा, सोयाबीन. खाली एक जाहिरात उड्या मारत होती, बॅट घेतलेला एक माणूस आणि त्याच्याखाली एक नाव.

ते नाव मी तीन दिवसांपूर्वी अहवालात टाइप केलं होतं.

मी पान पुन्हा उघडलं. दुसरं नाव. पुन्हा उघडलं. तिसरं. कुठंही बोट न लावता, भावांचं पान स्वतःच जाहिराती आणण्यासाठी ही नावं विचारत होतं. आणि उघडं ठेवलं की दर पाच मिनिटांनी ते आपोआप ताजं होत होतं. मी पिशवीतून लॉगचे छापलेले कागद काढले. तीन वाजून दोन मिनिटं. तीन सात. तीन बारा. तीन सतरा. इतक्या शिस्तीत जगातला कुठलाही सट्टेबाज सट्टा लावत नाही! हे मला अहवाल लिहिताना दिसू नये? दिसलं होतं, मी त्याला व्यसन म्हटलं होतं.

छातीवरचा दगड उतरला. मी मोठ्यानं हसले असणार, कारण भाऊ उठून उभा राहिला.

"काय झालं वो ताई? भाव चढला काय?"

"चढला," मी म्हटलं. बिचाऱ्याचं तोंड उजळलं आणि मग पडदा बघून परत उतरलं.

बिचारा ऑपरेटरही भावच बघत असणार, मळेवालाच तो. कागद पुन्हा चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. एप्रिलात सलग चार दिवस ती नावं एकदाही विचारलेली नव्हती. तो रजेवर असेल, मी ठरवलं. हजेरीशी ताडून बघितलं की झालं. सरांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मूर्तिजापूरला उगाच उभी राहिली, तेव्हा मी सिग्नलवर इतकी चिडले की समोरच्या बाईनं मला पाणी देऊ केलं.

ऑफिसात शिरले ती थेट बडेबाबूंकडे, म्हणजे आमच्या हेडक्लार्ककडे. चार तारखा दाखवून विचारलं, ऑपरेटर या दिवशी रजेवर होते ना?

बडेबाबूंनी हजेरीबुक उघडायची तसदीही घेतली नाही. "थो कायचा रजेवर? अकरा वर्षांत रजा मांगतली असन तं बापाच्या तेरवीले."

"मग ते मशीन बंद असेल."

"बंद कायले राहीन? मीच बसलो होतो ना थे चार दिवस कूलरपाशी. तुमी नव्हत्या. चुलतभावाच्या लग्नाले गेल्या होत्या तुमी."

"कूलरचा काय संबंध?"

बडेबाबूंनी चष्मा काढला. "अवो मॅडम, दोन नंबरचं टेबल खिडकीपाशी, आन कूलर खिडकीत. होळीपासून थो मानूस मांगं रेकॉर्डच्या खोलीत बसून राहिला, जुन्या मशीनवर. दुपारी त्या खुर्चीत कोन बसते? तुमीच तं बसता, तुरीचा भाव पाहात!"

आता हे आमच्या ऑफिसचं सांगायला हवं. होळी झाली की कूलर उतरतात, त्यांत नवं गवत भरतात, आणि कुणी आदेश न काढता सगळ्यांच्या खुर्च्या हलतात. मशीनं जागेवर राहतात, माणसं वाऱ्याकडे सरकतात, तीही मानाप्रमाणे. कंत्राटी माणूस आपोआप मागं जातो. सर्व्हरच्या खोलीला एसी आहे, पण त्यात बसलं की माझी मान धरते. म्हणून दुपारभर मी कूलरपुढे. कुठल्या क्रमांकाच्या मशीनवर बसतेय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या लेखी ती फक्त कूलरपुढची खुर्ची होती. आणि कुठलं मशीन कुणाचं ही यादी मी केली होती दिवाळीत, अंगावर स्वेटर घालून.

गुन्हेगार सापडला होता. रोज अकोल्याहून डबा घेऊन येत होता.

प्राचार्यांच्या खोलीत मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"म्हणजे सट्टा तुम्ही लावत होता?"

"नाही सर. तूर बघत होते."

ते इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग हसणं थांबवून त्यांनी कडेला सरकवलेला करारनामा ओढला आणि माझ्यासमोर सही केली. "अहवाल परत न्या," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी आधी ऑफिसात एक चक्कर मारा, मग लिहा."

मागच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत होता. ऑपरेटरच्या टेबलावर कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्यात चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. खुर्चीवरची त्याची गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली.

"भाऊ, चूक माझी होती," मी म्हटलं. "त्या मशीनवर मीच होते. सरांना सांगून आले. करारावर सही झाली."

"झाली?"

"झाली. मी बघितली."

त्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि मीही दारातल्या स्टुलावर बसले. मग मला राहवलं नाही. "तुम्ही होळीपासून तिथं बसतच नाही. शुक्रवारी का नाही बोललात?"

"कसा बोलू, मॅडम? तुमी पाहून लिहिलं. मशीनमंधी निंगालं. मले वाटलं, माह्यापेक्षा त्याले जास्त ठाऊक असन. दोन दिवस घरी मीच इचार करून राहिलो, कवा बसलो असन बाप्पा मी तिथं?"

दोन दिवस हा माणूस माझ्या सहीमुळं स्वतःवरच संशय घेत बसला होता. तो गादीची सुतळी सोडायला लागला. गाठ पक्की मारलेली, त्याच्या बोटांना सुटेना. मी स्टूल पुढं ओढलं, दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती सोडली.