सायकलवाल्या काकांनी लिहिलेलं ‘हो’

सायकलवाले काका फुटपाथच्या कडेकडेने चालत. रांगेत मागच्याला पुढे जाऊ देत. पोलीस दिसला की हातातला पाना खाली ठेवत. पंक्चर काढल्यावर चाक तीनदा फिरवून कान लावून ऐकत. त्यांचा चढलेला आवाज गल्लीत कुणाच्याच कानावर आला नव्हता.

या देशात येऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. मुलगी इथेच जन्मली, म्हणून ती नागरिक. काका-काकू मात्र अजून परवान्यावर. दर दोन वर्षांनी मुदत वाढवायची, जीव मुठीत धरून.

अखेर दोघांनी मिळून नागरिकत्वाचा अर्ज केला. लिहिण्याचं काम मुलीचं. एका प्रश्नाशी मात्र काकांनी पेन मागून घेतलं. आजवर कधी कायदा मोडला आहे का? काकांनी लिहिलं, ‘हो.’ वर पाकीट स्वतःच टपालात टाकून आले.

मुलीने कपाळावर हात मारला. “बाबा, आता अर्ज नक्की फेटाळणार. मग पाच वर्षं पुन्हा करताही येणार नाही!”

“अहो, माझाही अर्ज त्यातच आहे,” काकू म्हणाल्या. “अक्कल कुठे गहाण टाकलीत?”

“खाली सही माझी आहे,” काका म्हणाले.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. दुकानासमोर एक खड्डा होता. त्यात रोज कुणाची तरी रिम वाकायची आणि तो माणूस सायकल ओढत काकांकडेच यायचा. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, “काका, हा खड्डा जपा. घर चालवतोय तुमचं.” मग एका बाईचं तिथे मनगट मोडलं. काकांना राहवेना. पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत, त्यांनी खडी-सिमेंट घालून खड्डा बुजवला. सरकारी रस्ता, परवानगी नाही. दोन दिवसांनी एक शिपाई विचारत आला, “हे कुणी केलं?” काका मान खाली घालून चेनला तेल देत राहिले. ते गप्प राहणं त्यांना आतून खात होतं.

मुलाखतीला बोलावणं आलं. समोर चष्मेवाल्या अधिकारी बाई.

“कसला कायदा मोडलात?”

काकांनी सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“तक्रार का नाही केलीत?”

“तक्रार नागरिकाने करायची. मी कुठे नागरिक?”

“इथे राहणारा कुणीही करू शकतो, काका. बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही?”

“मी विचारलंच नाही.”

दाराबाहेर काकू पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

“नागरिक झालात तर काय वेगळं कराल?” बाईंनी विचारलं.

काकांनी विचार केला. “मत देईन. बाकी तेच करीन. पण दिवसाढवळ्या.”

“आणि परवानगी घेऊन,” बाई म्हणाल्या. मग हसल्या, आणि शिक्का उचलला.

दोघांची नागरिकत्वाची शपथ झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका दुकानात कागद घेऊन बसले. कोपऱ्यावरच्या गटाराला झाकण नव्हतं. त्याबद्दल महापालिकेला अर्ज. तिसऱ्या ओळीपर्यंत आले आणि एक मास्तरीणबाई तुटलेली चेन घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“आधी तो अर्ज पुरा करा की,” काकू आतून ओरडल्या.

“करतो गं. त्यांचा वर्ग आहे नऊला.”

काका उठले. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर पाना ठेवला. सही अजून व्हायची होती.