दोन थापा

आमच्या लग्नात माझी आई मांडवभर सांगत फिरत होती, "जावई सरकारी बसवर डायवर हाय, पोरीनं नशीब काढलं!" नशीब काढलं व्हय! रामनगरच्या स्टँडवरनं दिवस मावळताना सुटायची, जोयड्यावरनं जंगलात शिरून बाजारकुणंगला जायची आणि रात्रभर तिथंच थांबून सकाळी माघारी यायची, ती वस्तीची गाडी आमच्या ह्यांच्याकडं. गल्लीतल्या बायकांचे नवरे घरी यायच्या टायमाला माझा नवरा डबा घेऊन बाहेर. सकाळी यायचे, आंघोळ, जेवण, दुपारी जरा डोळा लावायचा, की परत खाकी अंगावर. मला नवरा मिळाला तो दिवसापुरता. रात्री दाराला कडी घालायची मी, सकाळी काढायची पण मीच.

शंकर डायवर म्हटलं की अख्ख्या घाटात ओळखतील. दुसरे डायवर ही लाईन नको म्हणून साहेबाच्या हातापाया पडायचे, आणि आमच्या शहाण्यानं ती कधी सोडली न्हाई. मी भांडायची, "अहो, बदली मागा की." तर म्हणायचे, "तारे, तिथला एकेक खड्डा मला ओळखतो गं." मी म्हणायची, "आणि बायको? ती ओळखती का, इचारलंय कधी?" मग मिशीत हसायचे आणि डबा उचलायचे. गावात संदीपला, आमच्या पोराला, लोक चिडवायचे, "तुझा बा पाव्हणा हाय रे तुमच्या घरात."

पण डायवर एक नंबर. सगळ्या नोकरीत गाडीखाली कोंबडीसुद्धा गेली न्हाई. त्याबद्दल चांदीचा बिल्ला मिळाला होता. तो छातीवर लावून घरी आले तेव्हा मी बोलले, "ह्याच्यापेक्षा एक दिवाळी घरी झोपला असता तर बरं." बोलले खरं, पण रोज फडक्यानं पुसायची मीच.

रिटायर झाले आणि मी नवी गादी भरून घेतली. म्हटलं, आता तरी. कसलं काय! जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. रात्रभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. उठायचे, पाणी प्यायचे, अंगणात जाऊन उभं राहायचे. इतकी वर्षं बसच्या मागच्या लांब सीटवर झोपलेला माणूस, घरात डोळाच लागंना. दिवसेंदिवस डोळे खोल गेले, भाताचा घास हातात घेऊन बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, देवाचा अंगारा झाला. शेवटी एक दिवस मलाच म्हणाले, "तारे, खाली गाडी पाहिजे. आणि गाडीखाली कुत्री."

तेव्हा मला कळलं. बाजारकुणंगला गाडी थांबली की गावची कुत्री इंजिनच्या उबेला खाली येऊन झोपायची. माझ्या डब्यातल्या निम्म्या भाकऱ्या त्यांच्या पोटात जात होत्या. आणि मी आपली खुळी, बरं खातोय म्हणून दोन जास्तीच्या थापायची!

मग बेळगावातनं जुनी टेंपो ट्रॅव्हलर आणली. सीटा काढल्या, पलंग ठोकला, शेगडी, पाण्याचा कॅन, कपड्यांना दोरी, आणि आरशाला तो चांदीचा बिल्ला. संदीप म्हणाला, "अण्णा, बंगळूरची पोरं ह्याला कॅम्पर म्हणतात, लाखो रुपये घालतात." आम्ही घरगाडी म्हणायचो. बाजारकुणंगला जाऊन दोन कुत्री घेऊन आले. कुत्रीचं नाव स्टेपनी, कारण ती कायम मागं लटकलेली. कुत्र्याचं क्लीनर, कारण तो भांडी चाटून लख्ख करायचा. शेजारीण हसली, "ताराक्का, म्हातारपणी नवऱ्यानं स्टेपनी आणली गं!" मी म्हटलं, "आणू दे की, रात्री घरात असला म्हणजे झालं."

आणि असायचे! घर कुठं का असेना. नंदिगड्ड्याच्या कापलेल्या शेतात, कधी नदीच्या काठाला, कधी उळवीच्या वाटेवर. चाकाला दगड लावायचा, शेगडीवर चहा ठेवायचा. कुत्री गाडीखाली शिरली की हे पाठ टेकायचे आणि लगेच घोरायला लागायचे. मी जागी राहून ऐकायची. म्हातारपणी लाज वाटायची सांगायला, पण मला त्या घोरण्याचं लई कौतुक.

म्हणजे सगळं गोड होतं असं न्हाई हां. संडासला डबा घेऊन जंगलात जायचं आणि पायाला जळवा घेऊन यायचं. वानरांनी एकदा अख्खी पोळ्यांची चवड पळवली. भिजलेली दोन कुत्री आत घेतली की असला वास, की देवच आठवावा. गोचीड काढून काढून माझी नखं झिजली. एकदा फॉरेस्टवाल्यानं उठवलं, "इथं गाडी लावायची न्हाई," म्हणून भर पावसात सामान आवरलं. मी दातओठ खात म्हटलं, "मी उद्या घरी जाते." तर हे म्हणतात, "जा की, बस सकाळी हाय." गेले न्हाई ते सोडा.

एक नियम मात्र कडक होता. सकाळी निघताना डिझेलची गाडी जरा वेळ चालू ठेवायला लागायची, इंजिन तापायला. कुत्री तेवढ्यात परत उबेला खाली शिरायची. म्हणून मी खाली वाकायचं, दोघांना मानगूट धरून बाहेर काढायचं, आणि मग मागच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे राइट, सोडा गाडी. ह्यांची सवयच तशी. वस्तीच्या गाडीला कंडक्टर टपावर चढलेला असायचा, मग खालचा माणूस पोतं वर दिलं की दोन थापा मारायचा आणि हे गाडी सोडायचे. आरशात बघतील, पण कान त्या थापांकडं.

मागच्या उळवीच्या जत्रेची गोष्ट. आम्ही नंदिगड्ड्यात मुक्काम करून सकाळी निघणार होतो. लखू तिथला, कुणबी, ह्यांच्या वस्तीच्या गाडीचा जुना पॅसेंजर. दर आठवड्याला कणगं, म्हणजे जमिनीतनं काढलेले कंद, पोत्यात भरून रामनगरच्या बाजारला न्यायचा. आम्ही आलोय कळल्यावर म्हणाला होता, "अण्णा, जाताना माझी कणगं घेतल्याबिगर जायचं न्हाई."

इंजिन चालू होतं. मी ओढ्यावर कॅन भरायला गेले होते. लखू धापा टाकत बांधावरनं आला, कणगांची पिशवी मागच्या दारातनं आत सारली आणि आनंदानं, जशा आयुष्यभर मारल्या तशा, पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मी ओढ्यावरनं ऐकल्या. हातातला कॅन टाकून ओरडले, "थांबा!" पण गाडी हलली होती.

स्टेपनी मागच्या चाकापाशी होती. इंजिनच्या आवाजाला ती कधी उठायची न्हाई. तिला ठाऊक होतं, आपल्याला ओढून काढायला म्हातारी येणार हाय. क्लीनर पुढनं निसटला. स्टेपनी एकदाच ओरडली.

मी पोचले तेव्हा हे मातीत मांडी घालून बसले होते, तिचं डोकं मांडीवर. लखू स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, "मी मारलं गे ताराक्का, मी मारलं!" ह्यांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "सुम्म बस, लखू, गप. थाप मारली की गाडी सोडायची, तुझ्या हाताला ही सवय माझ्याच गाडीनं लावली."

फणसाच्या खाली खड्डा काढला. तिला ठेवल्यावर हे गाडीत गेले, आरशाला अडकवलेला बिल्ला काढून आणला आणि तिच्याजवळ ठेवला. मी म्हटलं, "अहो, हे काय?" म्हणाले, "हा आता माझा न्हाई." आणि माती लोटली. डोळ्यांत पाणी न्हाई. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावंनात. संदीप बेळगावातनं आला आणि गाडी घरी घेऊन गेला. जत्रा राहिली ती राहिलीच.

गाडी अंगणात उभी राहिली. क्लीनर तिच्या खाली, हे तिच्या बाजूला स्टूल टाकून. रात्री परत घरातली ती गादी, आणि परत ते कूस बदलणं. डोळे परत खोल गेले. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. एका कुत्रीपायी किती? मी समजूत घातली, भांडले, हातसुद्धा जोडले. "चला की. लांब नको, नंदिगड्ड्यापर्यंत. थापा मारायला मी हाय. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देणार न्हाई."

"तू हायस गं," ते म्हणाले. "पण कान माझे हायत. माझ्या कानांचा मला भरवसा राहिला न्हाई."

झोपायला तरी चला गाडीत म्हटलं, तर ते पण न्हाई. ती खाली नसताना वर कसा झोपू, म्हणायचे. सगळं आयुष्य मी त्यांच्या रात्रीसाठी भांडले, आणि आता रात्रभर माझ्या शेजारी असलेला माणूस छताकडं बघत पडलेला.

संदीप अधूनमधून येऊन इंजिन चालू करून जायचा. शिमग्याच्या आधी एका सकाळी तसाच आला, चालू केलं, बंद केलं. क्लीनर उबेला खाली शिरला. दुपारी जेवल्यावर बघते तर हे स्टुलावर न्हाईत. गाडीचं दार उघडं. आत डोकावले. पलंगावर कुशीला वळून, पाय पोटाशी घेऊन पडले होते. किती दिवसांनी!

मी तोंडावर पदर धरला. हसू येत होतं, रडू पण. हळूच दार लोटून घेतलं. शेजारीण काहीतरी मागायला आली, तिला फाटकातच अडवलं, "सुम्म बस गं, डायवर झोपलेत." दूधवाल्याला घंटी वाजवू दिली न्हाई. संदीप म्हणाला, "चहाला उठवू का?" मी त्याच्यावरच खेकसले, "खबरदार! झोपू दे." चहा दोनदा गरम केला. मग माझ्याच मनात आलं, घोरण्याचा आवाज कसा न्हाई?

हात लावला तर गार होते.

उन्हं कलली तोवर माणसं जमली. आमची स्मशानभूमी रेल्वेच्या पलीकडं, लांब. कुणी म्हणालं गाडी मागवू. मी म्हटलं, "कशाला? त्यांची हाय की." पलंग काढून टाकला, त्यांना आत ठेवलं. पोरं बसली. लखू नंदिगड्ड्यावरनं मिळेल त्या गाडीनं आला होता, तो कोपऱ्यात बसला, दोन्ही हात काखेत दाबून. संदीपनं स्टिअरिंगवर बसून इंजिन चालू केलं.

"चल रे," कुणीतरी म्हणालं. गाडी हलंना. मी बघितलं तर संदीप आरशातनं माझ्याकडं बघत होता. बापाचा पोरगा.

मी वाकले. गुडघे टेकले. क्लीनर मागच्या चाकापाशी अंग चोरून पडला होता. हाक मारली तर येईना. मग मानगूट धरून ओढला, उराशी घट्ट धरला, परत एकदा खाली नीट बघितलं.

आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी फाटकातनं बाहेर पडली. दिवस मावळायला आला होता, त्यांची ड्युटीला निघायची तीच वेळ. क्लीनर मागनं पळायला झटापट करत होता. मी त्याला सोडलं न्हाई.