बंडूच्या पिंजऱ्याचं ब्रेकडाऊन

मेंटेनन्समध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. भंगाराच्या कोपऱ्यासारखं असतं ते. मुद्दाम कोणी काही आणून टाकत नाही, तरी ढीग वाढतच जातो. चाकणच्या आमच्या कंपनीत मशिन बंद पडलं की आम्ही पळतो, चालू असलं की चहा पितो. चहाबरोबर जे बोललं जातं त्यातलं निम्मं बाहेर सांगण्यासारखं नसतं. उरलेल्या निम्म्यात सध्या एकच विषय आहे, मारुतीच्या घरचा पिंजरा!

मारुती आमचा फिटर. मूळचा लातूरकडचा, आता पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर. घरात बायको सुजाता, धरून धरून उभी राहायला लागलेली मुलगी आणि आई गेल्यावर गावाहून आणलेले वडील, तात्या. त्या इमारतीत तात्यांच्या ओळखीचं कोणी नाही. लिफ्टमध्ये राम राम केला तर लोक मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. म्हणून मारुतीने त्यांना एक पक्षी आणून दिला. पोपटाच्या जातीतला, पांढरा, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर भगवा ठिपका. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणाला, तात्यांनी नाव ठेवलं बंडू. दिवसभर तात्या बोलतात आणि बंडू शिट्ट्या मारतो. दोघांचं झकास चाललं होतं.

पिंजरा मात्र गंजला. तळाच्या ट्रेची चाळणी झाली, तारांचे पोपडे निघायला लागले. पोरीने त्याच तारा धरून उभं राहायला सुरुवात केली आणि तिचे हात विटकरी दिसायला लागले. सुजाताने सांगितलं, गुरुवारच्या सुट्टीपर्यंत हा पिंजरा घराबाहेर गेला पाहिजे, पक्ष्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. तिचंही बरोबरच होतं.

त्यावर तात्या शांतपणे म्हणाले, "बंडूला काढायचं तर मलाबी गावाकडं सोडा."

हे सांगताना मारुतीचा चेहरा बघवत नव्हता. गावचं घर बंद, करणारं कोणी नाही, म्हातारा तिथे एकटा राहणार कसा? आम्हाला फार वाईट वाटलं. आणि मेंटेनन्सच्या माणसाला वाईट वाटलं की तो आधी पाना शोधतो.

*

दुसऱ्या दिवशी मारुतीने बंडूला खोक्यात ठेवलं आणि पिंजरा कंपनीच्या बसमधून आणला. खिडकीची सीट पिंजऱ्याला, मारुती शेजारी. ताथवड्याला गर्दी चढली. जो तो विचारणार, "पक्षी कुठाय?" मारुती प्रत्येकाला अगदी मनापासून सांगत होता, घरी आहे, बरा आहे.

शेवटी ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "राव, पक्षी सुट्टीवर आणि पिंजरा ड्युटीवर? आमच्या साहेबांच्या केबिनसारखंच झालं की!"

साठे साहेब मागच्याच सीटवर होते.

*

आमच्याकडे काहीही बिघडलं की क्वालिटीचे साठे साहेब 'व्हाय व्हाय' करायला बसतात. कारणाचं कारण, त्याचं कारण, असं मुळापर्यंत जायचं. पिंजऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही.

पिंजरा का गंजला? पाणी लागलं. पाणी का लागलं? बंडू प्यायच्या वाटीत आंघोळ करतो. का करतो? कारण तात्या त्याला करायला लावतात. का लावतात? कारण तात्यांची आंघोळ पहाटेच उरकते, आणि घरातलं कोणी पारोसं राहिलेलं त्यांना चालत नाही.

साठे साहेबांनी फळ्यावर लिहिलं: मूळ कारण, तात्या. मग उपायाच्या रकान्याशी आले आणि म्हणाले, "पार्ट बदलता येत नाही. कोटिंग बघा."

*

कोटिंगवरून वाद झाला. माझ्याकडे मशिनचा पिवळा रंग उरला होता. आमचे वेल्डर हनीफभाई म्हणाले, "अहो, पक्षी तारा चोचीनं सोलत बसतो. रंग जाईल पोटात." हनीफभाईंच्या घरी कबुतरं होती, त्यामुळे मी डबा परत ठेवला.

मग साठे साहेबांनी ओळखीच्या ठिकाणाहून पिंजऱ्याला झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, करून आणलं. काय चमकत होता! साहेबांनी त्याचा टेस्ट रिपोर्टही करून घेतला. खारट पाण्याच्या फवाऱ्यात इतके तास ठेवला तरी गंजणार नाही, असा. जणू बंडू बोटीवर जाणार होता.

इकडे खोक्यात बंडूने खाणं सोडलं होतं. मारुती त्याला चिंचवडला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथूनच नव्या पिंजऱ्यात घालून घरी न्यायचं म्हणून पिंजराही बरोबर नेला. डॉक्टरांनी बंडूला तपासलं, दुसरं काही नाही, रुसलाय म्हणाले. मारुतीने कौतुकाने रिपोर्ट पुढे केला.

डॉक्टरांनी तो वाचला. मग पिंजरा उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला.

"नट-बोल्टासाठी उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हा तारा चावणार. जस्त पोटात गेलं तर जगणार नाही. स्टेनलेसचा करा."

मारुती सांगतो, बंडूला परत खोक्यातच घालून तो घरी आला. सगळ्यांनी जीव लावून केलं होतं, आणि त्यानेच बंडूचा जीव गेला असता. साठे साहेबांनी ऐकलं तेव्हा त्यांनी चहा तसाच ठेवला.

*

गुरुवार उजाडला. देहूरोडला हनीफभाईंच्या भावाचं ग्रिलचं वर्कशॉप आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं जमलो. स्टेनलेसच्या सळ्या आणल्या, साहेबांनी ड्रॉइंग काढलं, हनीफभाईंनी असं वेल्डिंग केलं की जोडावर बोट फिरवलं तरी जोड सापडेना. संध्याकाळी पिंजरा अकराव्या मजल्यावर नेला. सुजाताने पोरीचे हात तारांवर घासून बघितले. स्वच्छ. सुजाता हसली, आणि मारुतीने श्वास सोडला.

तात्या मात्र भाकरीचा तुकडा घेऊन पिंजऱ्याभोवती फिरत राहिले.

"पोरांनो, ह्येच्यात माजं बोटच जाईना. भाकर कशी देऊ?"

आमचं जन्मभराचं काम मशिनला जाळी बसवायचं. माणसाचं बोट आत जाता कामा नये, हे हातात इतकं मुरलेलं, की पिंजराही तसाच झाला होता! हनीफभाईंनी कपाळाला हात लावला. साहेब ड्रॉइंग बदलायला बसणार तेवढ्यात तात्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मी बघतो."

*

नंतर एका सुट्टीला तात्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. घरात पाऊल टाकलं तर उकाडा मरणाचा आणि पंखा बंद. मारुती म्हणाला, बंडू उडतो ना. बंडू चोचीनं कुरतडलेल्या पडद्याच्या दांडीवर होता. आम्हाला बघून त्याने तुरा उभा केला आणि तात्यांच्या खांद्यावर येऊन बसला. गावाकडचा विषय मी मुद्दामच काढला, तर तात्या म्हणाले, आता कुठं जातोय, ह्याला कोण बघणार?

पिंजरा टीव्हीशेजारी झगमगत होता. दाराला कडी. आत तात्यांचा चष्मा, गोळ्यांचं पाकीट, टीव्हीचा रिमोट, सुजाताची कानातली आणि पोरीची दुधाची बाटली.

साठे साहेबांना राहवेना. त्यांनी वेल्डिंग तपासायला कडी काढली.

स्वयंपाकघरातून सुजाता ओरडली, "सर, आधी दार लावा! बंडू आत शिरेल!"