निसटता वारा

काळेवाडीत पवनेच्या काठाला युनूस मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं, तेव्हाची ही गोष्ट. काळेवाडी तेव्हा म्हणजे चार गल्ल्या, बाकी सगळी ज्वारीची नि उसाची रानं. दुपारी पलीकडच्या कारखान्याचा भोंगा नदीवरून तरंगत यायचा आणि पाण्यात विरघळल्यासारखा संपायचा. हाताशी काम नसलं की युनूस दारातल्या बाजेवर बसून नदीकडे बघत राही. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, मिस्त्री कसल्या तरी विचारात आहे. खरं तर तो ऐकायचा प्रयत्न करत असे.

गेल्या काही वर्षांत एकेक आवाज त्याला सोडून चालला होता. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलची घंटी गेली. मग तव्यावर पाणी शिंपडल्यावर होणारा तो बारीक चर्र. जाड आवाज तेवढे मागे राहिले होते, ट्रकचा, ढगाचा, कुणी मोठ्यानं मारलेल्या हाकेचा. समोरच्याचं बोलणं तो बरंचसं ओठांवरून ओळखत असे. जग जणू पाण्याखाली चाललं होतं आणि तो काठावर बसून त्याच्याकडे बघत होता.

युनूस मूळचा परांड्याकडचा. बाप कल्हईवाला, गावोगाव भाता घेऊन फिरणारा. भात्याच्या कातड्याला बारीकसं भोक पडलं की निखारा रुसायचा आणि बाप म्हणायचा, "हवा चोरटी असते बाबा. तिला सुईएवढी वाट पुरते." बासष्ट साली बाप गेला आणि युनूस पोटासाठी पिंपरीला आला. एका कंपनीच्या फोर्जिंग खात्यात लागला. तिथं लालभडक लोखंडावर घण पडायचे ते असे, की दात हलायचे. कानात कापसाचे बोळे घालून त्यानं बरीच वर्षं तिथं काढली. पुढे एका गॅरेजमध्ये इंजिनाचं काम शिकला आणि सुरय्याशी लग्न झाल्यावर काळेवाडीत स्वतःचं गॅरेज टाकलं. घर मागच्याच खोलीत. सुरय्या तिथं शिवणयंत्रावर टेंपोची नि रिक्षाची सीट कव्हरं शिवायची.

कानांचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. इंजीन न ऐकणारा मिस्त्री म्हणजे चव न कळणारा आचारी. माणसं दुसरं दार बघणारच.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत एका दुपारी रंगराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ गाडी घेऊन आले. गाडी कसली, हिरव्या रंगाचं लांबलचक स्वप्नच ते. विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, उघड्या टपाची. रंगराव एका जहागीरदाराचे ड्रायव्हर होते. जहागीर गेली, जहागीरदार गेले, मुलांना ही जुनी गाडी नको होती. ती त्यांनी रंगरावांना देऊन टाकली.

"मिस्त्री, सपाटीला पळतीया," रंगराव बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "पर चढ आला की धापा टाकतीया. दिघीच्या चढाला म्हाताऱ्या बैलावानी हुबीच ऱ्हाती."

युनूसनं बॉनेट उचललं आणि बघतच राहिला. इंजिनाच्या कुशीला सुपरचार्जर होता. त्यानं हे यंत्र फक्त चित्रात पाहिलं होतं. साधं इंजीन स्वतःच्या ताकदीनं हवा ओढतं. हे यंत्र त्याच्या नरड्यात जादा हवा कोंबतं. हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त, तितका जोर जास्त. आत किती हवा दाबून भरली हे दाखवायला ड्रायव्हरपुढे घड्याळासारखी एक तबकडी होती. तिचा काटा आता जागचा फारसा हलत नव्हता.

"वाटेत कुठंतरी हवा निसटतेय," युनूस म्हणाला.

"निसटंना का. तुमी धरा तिला." रंगराव बाजेवर बसले, आणि युनूसकडे बघत म्हणाले, "सगळ्या जगाच्या बायका म्या मागं बसवून फिरवल्या. आमची यशोदा कधी बसली न्हाई. खंडाळ्याचा घाट उतरायचा, खोपोलीत च्या घ्यायचा, आन् चढून माघारी यायचं. पूर्वी ही गाडी घाटात कशी जायाची म्हनून सांगू? पाखरावानी!"

युनूसला ते काम नुसतं काम वाटेना. त्या दिवसापासून झोपेतही त्याला हवा दिसू लागली. पाण्यासारखी निळसर, नळीतून वाहणारी, कुठल्या तरी फटीतून हळूच बाहेर पडून नदीकडे निघालेली.

सुरुवात सोपी होती. सुपरचार्जरपासून निघणारी रबरी नळी वाळून चिरली होती. ती बदलली, क्लिपा आवळल्या आणि दोघं दिघीच्या चढावर गेले. गाडी अर्ध्यापर्यंत झोकात गेली आणि मग पुन्हा धापा टाकू लागली.

"ऐका, ऐका मिस्त्री!" रंगराव ओरडले. "कशी सूऽऽ करतीया! ऐकताय न्हवं?"

युनूसला इंजिनाची घरघर तेवढी कळत होती. तो म्हणाला, "हो, येतंय ना ऐकू."

"कुठनं?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. त्यानं एका जोडाकडे बोट केलं. गॅरेजात येऊन तो जोड खोलला, नवं पॅकिंग कापून घातलं, आणि दोघं पुन्हा चढावर गेले. तसूभर फरक नाही. रंगरावांनी युनूसकडे असं पाहिलं की त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी रंगराव यायच्या आधीच तो कामाला लागला. पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी सोडवली. हवा आत शिरते त्या तोंडावर पत्र्याचं झाकण रबरासकट घट्ट बसवलं आणि त्या झाकणातून पायपंपानं हवा भरली. मग साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या जोडांवर फिरवलं. इंजीन बंद, गॅरेज शांत, दारातून ऊन तिरपं आत आलेलं. सुपरचार्जर जिथं इंजिनाला बसतो, त्या जोडावर बुडबुडे उमलू लागले. एकामागून एक, इंद्रधनुष्याची झाक असलेले. युनूसचं भान हरपलं. न ऐकता वारा दिसत होता त्याला.

तो भाग उतरवून त्यानं काचेवर ठेवून पाहिला. उष्णतेनं किंचित वाकला होता. कानशीनं हलक्या हातानं घासून सपाट केला, कागदाचं पॅकिंग कापलं, लाख लावून बसवलं. पुन्हा हवा भरली. बुडबुडे बंद. पण तबकडीचा काटा भराभरा खाली येतच होता. थोडी हवा इंजिनातून उतरणार, हे त्याला ठाऊक होतं. एवढी नव्हे. त्यानं गाल ओला करून जोडांजवळ नेला, हाताची पाठ फिरवली. काही लागेना.

सुरय्या चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अहो, शीळ कोण घालतंय?"

युनूस तिच्या ओठांकडे बघत होता. म्हणून त्याला कळलं. पंपावरचा त्याचा पाय थांबला.

"थांबली बघा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा पंप दाबला. तिनं पुन्हा मान वळवली. असं बराच वेळ चाललं, आणि मग तो बाजेवर जाऊन बसला.

"मला नाही येत ऐकू, सुरय्या," तो म्हणाला. "किती दिवस झाले, नाही येत."

तिनं चहा खाली ठेवला आणि त्याच्या समोर, त्याला तोंड दिसेल अशी बसली. "मला ठाऊक आहे. हाक मारली की तुम्ही वळत नाही. माझी सावली पडली की वळता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

युनूसला वाटलं होतं, हे कुणाला कळलं की सगळं कोसळेल. काहीच कोसळलं नाही. दारात ऊन तसंच होतं. चहावर साय धरत होती.

"उठा," सुरय्या म्हणाली. "पंप मारा तुम्ही."

तो पंप मारू लागला. तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि गाडीभोवती सावकाश चालली. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. तिच्या चेहऱ्यावर ते ऐकणं उमटत होतं, आणि युनूसला वाटलं आपणही ऐकतोय, तिच्या पापण्यांमधून. ती वाकली, सुपरचार्जरच्या पोटाखाली हात घातला आणि डोळे उघडले.

"इथं."

तिथं एक झडप होती. हवा प्रमाणाबाहेर साठली तर बाहेर सोडून देणारी. एवढ्या खाली साबण टिकतच नव्हता, ओघळून जात होता. युनूसनं झडप काढली. बसायच्या जागी काजळीचा एक कण कडक होऊन चिकटला होता, त्यामुळे ती पुरती मिटतच नव्हती. त्यानं काजळी काढली, पॉलिशची पेस्ट लावून झडप तिच्या जागेवर फिरवत फिरवत अशी बसवली की केसही जाऊ नये. पुन्हा हवा भरली. सुरय्यानं कान लावला आणि मान हलवली. काटा आता दमलेल्या माणसासारखा हळूहळू खाली येत होता.

रंगराव आले तेव्हा युनूसनं त्यांना सगळं सांगितलं. चढावर आपण खोटं बोललो, तेसुद्धा.

रंगरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "आरं बाबा, मग आधीच सांगायचं न्हाई व्हय? मला जवळचं दिसत न्हाई. मी कुनाला सांगतो का?" आणि मग हसले. "मिस्त्रीनबाईंनाबी घाटात घेऊ. वाटंत कायबी वाजलं तर त्या ऐकतील, तुमी बगा, मी चालिवतो."

यशोदाबाई जरीकाठाचं लुगडं नेसून आल्या होत्या आणि मागच्या सीटवर अगदी काठाला बसल्या होत्या, कुणी उठ म्हणेल की काय अशा. सुरय्यानं त्यांचा हात धरून त्यांना मागे टेकवलं. कामशेत, लोणावळा मागे पडलं, घाट उतरला, खोपोलीत चहा झाला. आणि मग गाडीनं तोंड वर केलं.

खालच्या दरीत धुकं होतं. रंगरावांनी पाय दाबला आणि तबकडीचा काटा उठला, चढला आणि चढलेलाच राहिला. युनूसनं समोरच्या फळीवर तळवा टेकला. गाडीचा जोर हातातून खांद्यात, खांद्यातून छातीत येत होता, एकसंध, कुठेही न फाटलेला. वळणामागून वळण खाली पडत गेलं. ट्रक मागे पडले. गाडी वर जातेय की डोंगरच खाली बसतोय, त्याला कळेना. त्यानं मागे वळून पाहिलं. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुरय्या त्यांना काहीतरी सांगत होती. काय, ते त्याला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

त्यानंतर सुरय्याचं शिवणयंत्र पुढे गॅरेजात आलं. गल्लीत आधी कुजबुज झाली, बाईमाणूस गाड्यांत काय करतं म्हणून. मग पिंपरी-चिंचवडहून माणसं येऊन विचारू लागली, "मिस्त्रीणबाई आहेत का? जरा गाडी ऐकायची होती." ऐंशी साल उजाडेपर्यंत युनूसचे जाड आवाजही गेले. तोवर दोघांची एक बोली तयार झाली होती. इंजीन चालू झालं की सुरय्या त्याचं मनगट धरायची. बारीक शीळ असली तर करंगळीनं दाबायची, ठोका असला तर अंगठ्यानं, आणि सगळं ठीक असलं तर नुसताच हात, ठेवलेला.